सोन्याची सुई

आमच्या वस्तीत मुलीला घराबाहेर पाठवायचे तर शिवणक्लास हे सर्वात सोपे कारण. दहावीनंतर कॉलेजात घालू या म्हटले की घरात दहा प्रश्न निघतात. विहारातल्या शिवणक्लासला घालू म्हटले की बाप मुकाट्याने फी काढून देतो. हीच युक्ती अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातील भगिनींनी केली, तीही जीव मुठीत धरून.

१९९५ साली तालिबानने हेरात घेतले. मुलींच्या शाळा बंद झाल्या. शिवणकामाला मात्र मुभा होती. मग 'सोन्याची सुई' नावाचा शिवणवर्ग निघाला. आठवड्यातून तीनदा बुरखा घातलेल्या स्त्रिया हेरात विद्यापीठातील प्राध्यापक मोहम्मद अली रहयाब यांच्या घरी जात. पिशवीत वर कापड आणि कात्री, तळाशी वही आणि पेन. आत शिवण कोणीच शिकत नव्हते, साहित्याचे धडे चालत. दारात मुले खेळत असत. खेळत कसली, राखण करीत! कोणी संशयित येताना दिसला की मूल आत वर्दी देई, वह्या लपत आणि हातात सुईदोरा येई. पकडले गेलो तर काय होईल, हे त्या प्राध्यापकांना का ठाऊक नव्हते? तरी त्यांनी आपले घर दिले.

या वर्गात नादिया अंजुमन ही मुलगी होती. जन्म १९८० चा, म्हणजे ऐन शाळेच्या वयात तिची शाळा तुटली. २००१ मध्ये तालिबानची सत्ता गेली आणि ती हेरात विद्यापीठात दाखल झाली. कविता लिहीत होतीच. २००५ मध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती गेली. वय २४, पदरी काही महिन्यांचे मूल. नवरा अडाणी नव्हता, साहित्याचाच पदवीधर. हात उगारल्याचे त्याने कबूल केले, जीव घेतल्याचे नाही.

सभेत हुकूमशाहीवर आम्ही तावातावाने बोलतो. आणि शेजारच्या खोलीतून बाईचा आवाज आला की टीव्ही मोठा करतो, तेही आम्हीच.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले. २३ मार्च २०२२ रोजी मोठ्या मुली दप्तरे घेऊन शाळेत पोचल्या आणि त्याच दिवशी घरी पाठवल्या गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे बंद झाली, डिसेंबर २०२४ मध्ये सुईणींचे आणि नर्सेसचे शिक्षणही. बाईला बाईनेच तपासावे असाही आग्रह, आणि बाईने शिकायचे मात्र नाही! घराघरांतून चोरून वर्ग पुन्हा भरू लागले आहेत.