आपलं जहाज दुसऱ्याच्या हाती

अमरावतीहून समुद्र पाचशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. आमच्या अकोल्याहून थोडा जवळ, पण तेवढ्याने काही फरक पडत नाही. दोन्ही गावांत पाणी म्हटलं की आधी नळ किती दिवसांनी येतो हेच आठवतं! त्यामुळे "तुम्ही पोरं होस्टेलवर बसून लाकडी जहाजं कशाला करता?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मेसच्या काकांपासून डिपार्टमेंटच्या सरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. हा लेख म्हणजे सर्वांना मिळून एकच उत्तर. आणि उत्तर देता देता एक मागणीही करायची आहे, ती शेवटी.

आधी किट म्हणजे काय ते सांगतो. जहाजाचं तयार मॉडेल वेगळं, किट वेगळं. किट म्हणजे एक खोकं. त्यात जहाजाचा तळाचा कणा, त्यात बसणाऱ्या प्लायवूडच्या फासळ्या, वरून चढवायच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, डोलकाठ्या, दोरा, शिडाचं कापड, आणि एक ड्रॉइंग. बांधायचं विकत घेणाऱ्याने. स्पेनची आर्तेसानिया लातिना, डेन्मार्कची बिलिंग बोट्स अशा कंपन्या कित्येक वर्षं हेच करत आल्या आहेत. खोक्यांवर नावं ठरलेली: ट्रफाल्गरची व्हिक्टरी, चहा वाहणारी कटी सार्क, अमेरिकेची कॉन्स्टिट्यूशन.

यातल्या कॉन्स्टिट्यूशनची एक गोष्ट थेट आपल्या मुंबईपर्यंत येते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ या जहाजाने 'जावा' नावाच्या ब्रिटिश जहाजाचा पराभव केला. जावा निघाली होती मुंबईला. तिच्यावर इतर सामानाबरोबर एका नव्या युद्धनौकेची ड्रॉइंग्ज होती, मुंबईच्या गोदीत बांधण्यासाठी पाठवलेली. जावा गेली आणि ड्रॉइंग्जही गेली. मग इंग्लंडहून दुसरा संच पाठवावा लागला. मे १८१६ मध्ये काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. लाकूड मलबारचं सागवान. ते जहाज आज दोनशेहून जास्त वर्षांनी इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात.

मला या गोष्टीत लढाईपेक्षा ड्रॉइंग जास्त आवडलं. काढणारा इंग्लंडमध्ये, बांधणारा मुंबईत. मध्ये कित्येक महिन्यांचा प्रवास. फोन नाही, 'सर, जरा समजावून सांगा ना' नाही. जे काही सांगायचं ते कागदावर. आणि त्या कागदावरून बांधलेलं जहाज अजून तरंगतंय. आपण चार वर्षं ड्राफ्टर घेऊन शीटवर शीट काढतो, पण आपल्या ड्रॉइंगवरून आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने कधी एक स्टूल तरी बनवलंय का? नाही. आपली शीट तपासली जाते, सही होते आणि रद्दीत जाते.

म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं की किट करून बघायचं. जहाज निवडलं गुराब. आंग्र्यांच्या आरमारातलं हे मुख्य लढाऊ जहाज. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. मध्ये चांगलीच रुंद, पुढे निमुळती होत जाणारी, आणि समोर लांब चोच असावी तशी पुढे आलेली नाळ. तोफा त्या नाळेवरून सरळ पुढे डागायच्या. जोडीला चाळीस-पन्नास वल्ह्यांची हलकी गलबतं. वारा पडला की गलबतांनी गुराबांना ओढून न्यायचं, ही त्यांची युक्ती.

अडचण अशी की असं जहाज आपले सुतार अनुभवाने आणि नजरेच्या मापाने बांधत. त्यामुळे आम्हाला जुनी वर्णनं आणि चित्रं यांवरूनच आकार ठरवावा लागला. हे अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने खरंखुरं शिडाचं जहाज बांधलं. खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. त्याच्या मॉडेलच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या. 'कौंडिण्य' नावाने ते मे २०२५ मध्ये नौदलात आलं आणि जानेवारी २०२६ मध्ये पोरबंदरहून मस्कतला पोचलंही. चित्रावरून खरं जहाज होतं, तर आमचं एक फुटाचं का होणार नाही? लांबी आम्ही २२ मीटर धरली. १:७२ स्केलला ती साधारण ३० सेंटिमीटर होते, म्हणजे होस्टेलच्या टेबलावर मावेल एवढी.

पहिला किट पार फसला. लाकूड म्हणून परतवाड्याहून मोठ्या अभिमानाने मेळघाटचं सागवान आणलं. वाडियांनी सागवान वापरलं, मग आपणही! वर्कशॉपमधल्या मिस्त्रीकाकांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "काहून रे बाबू, जहाज एवढुसं, आन् लाकडाचे भोकं एवढाले? आंग भरून देवी आल्यावानी दिसन थे. हळदू आन. त्याचे रेषे बारीक असतेत." बरोबर होतं. सागवानाची छिद्रं मोठी. खऱ्या जहाजात ती दिसतही नाहीत, पण मॉडेलमध्ये जहाज बहात्तर पट लहान होतं आणि छिद्रं मात्र तेवढीच राहतात. स्केल लाकडालाही लागू होतो हे मला त्या दिवशी कळलं. हळदू मेळघाटातच होतो, रंगाने पिवळसर, पोत एकसारखा. दुसऱ्या किटच्या पट्ट्या त्याच्या केल्या. खिळ्यांच्या जागी बसवायच्या बारीक काड्या बांबूच्या.

पुढची चूक प्लायवूडची. ३ मिमी म्हणून घेतलेला प्लाय व्हर्नियरने मोजला तर कुठे २.७, कुठे ३.२. खाचा आम्ही कॅडमध्ये अगदी ३.० काढलेल्या. शिवाय नेमप्लेट कापणाऱ्या दुकानातल्या लेझरने स्वतःच ०.२ मिमीच्या आसपास लाकूड खाल्लं. परिणाम? अर्ध्या फासळ्या डुगडुगत होत्या आणि उरलेल्या ठोकताना फुटल्या. टॉलरन्सवर सोळा मार्कांचा प्रश्न मी पेपरात सोडवलाय आणि चांगले मार्क मिळवलेत. पण टॉलरन्स म्हणजे काय ते मला त्या फुटलेल्या फासळीने शिकवलं.

नाळेजवळ पट्ट्या वाकवताना तर रोज एक मोडायची. "कोरडी वाकोसान तं मोडणारच. आमी बंडीचं लाकूड काय कोरडं वाकोतो का?" असं म्हणत काकांनी पट्ट्या गरम पाण्यात भिजवून तापलेल्या पाइपवर हळूहळू वळवून दाखवल्या. (होस्टेलवर पाणी कशाने गरम केलं हे रेक्टर सरांनी कृपया विचारू नये.)

दुसरा किट तयार झाला. आम्ही चौघांनी तो दोन दिवसांत बांधला. सुंदर झाला, फोटो काढले, स्टेटसला टाकले. खरी परीक्षा अजून व्हायची होती. तिसरी प्रत आम्ही फर्स्ट इयरच्या एका मुलाला दिली. धारणीकडचा, मराठी माध्यमाचा. अट एवढीच की आम्ही समोर बसणार, पण तोंड उघडणार नाही.

मित्रहो, त्या तीन संध्याकाळी मी जेवढा शिकलो तेवढा तीन वर्षांत शिकलो नसेन. पहिल्याच पानावर मी इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, 'ड्राय फिट'. म्हणजे आधी न चिकटवता बसवून बघा. त्याने वाचलं: सुकू द्या, मग बसवा. म्हणून त्याने फासळ्यांना फेविकॉल लावला, फॅनखाली नीट सुकवला आणि मग खाचेत घालायला लागला. जाणार कशी? मी ओठ चावून गप्प. पुढे चार आणि पाच नंबरच्या फासळ्या उलटसुलट बसल्या, आणि जहाजाच्या पोटाला खड्डा पडला. त्याने जहाज फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "दादा, माझंच काहीतरी चुकलं."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दोन फासळ्या दिसायला जवळजवळ सारख्या, आणि नंबर मी ज्या बाजूला कोरला होता ती बाजू कण्याच्या खाचेत जाऊन झाकली जात होती. चूक शंभर टक्के माझी, आणि माफी तो मागत होता. मला वाटतं आपल्याकडे हे रोज होतं. कळलं नाही की शिकणारा स्वतःला ढ समजतो, आणि लिहिणारा मजेत.

आता आम्ही दोन्ही फासळ्यांच्या खाचा वेगवेगळ्या रुंदीच्या केल्यात. चुकीची फासळी आत जातच नाही. चूक करताच येऊ नये अशी रचना, याला जपानी लोक पोका-योके म्हणतात आणि आपण चार मार्कांची शॉर्ट नोट म्हणतो.

सूचना मराठीत लिहायचं ठरवलं तेव्हा तर माझी पुरती फजिती झाली. मी कॉन्व्हेंटचा. मराठी घरी बोलायची भाषा, लिहायची नाही. मी लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, 'सदर घटक विनागोंद पद्धतीने योजावा.' मिस्त्रीकाका इतके हसले की रंधा खाली ठेवावा लागला. शेवटी लिहिलं, 'आधी फेविकॉल न लावता बसवून पाहा.' एवढंच तर सांगायचं होतं! सोपं लिहायला मला इंग्लिशमधूनही जमलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

तर आता मागणी. फायनल इयरचा प्रोजेक्ट कसा होतो हे या मासिकाच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. तयार मिळतो. रिपोर्ट, पीपीटी, व्हायवाचे संभाव्य प्रश्न, सगळं पॅकेजमध्ये. एक्स्टर्नल येतात, दिवा पेटतो, मोटर फिरते, मार्क मिळतात. मी कुणावर बोट ठेवत नाही, फी भरून थकलेल्या घरांची पोरं आहोत आपण. पण यावर कडक नियमांपेक्षा एक सोपा उपाय आहे: प्रत्येक ग्रुपने आपल्या प्रोजेक्टचा एक भाग तरी किट म्हणून द्यावा. सुटे भाग, ड्रॉइंग आणि एक पान सूचना. तो दुसऱ्या ग्रुपने, काही न विचारता, समोर बांधून दाखवावा. बांधला गेला तर मार्क काढणाऱ्याला. विकत आणलेला प्रोजेक्ट चालू करून दाखवता येतो, पण उलगडून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. त्यासाठी तो आतून माहीत असावा लागतो.

यावर तीन आक्षेप ऐकलेत. एक, बांधणाऱ्याने मुद्दाम बिघडवलं तर? दोन ग्रुपना द्या. दोघांकडूनही एकाच जागी चुकलं तर दोष ड्रॉइंगचा. दोन, वेळ कुठून आणायचा? फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण सगळे तोच तो टी-जॉइंट करतो आणि सबमिशननंतर टाकून देतो. तिथूनच सुरुवात करा: एका बॅचने खाच कापावी, दुसऱ्या बॅचने तिच्यात बसणारा तुकडा, नुसत्या ड्रॉइंगवरून. तीन, थ्रीडी प्रिंटरवर अख्खं जहाज एका रात्रीत निघत असताना हा खटाटोप कशाला? निघतं, मान्य. पण ते निघालेलं जहाज बघायचं असतं. बांधणाऱ्याच्या हाताला त्यात काम नसतं.

आणि समुद्राचं म्हणाल, तर तान्ह्या पोळ्याला आपल्याकडची पोरं चाकावरचा लाकडी बैल ओढत नेतात. गावातला वाढई तो करून देतो. लाकडात छोटी प्रतिकृती करणं आपल्याला नवीन नाही. फक्त तो बैल कसा केला हे कुणी कागदावर उतरवलं नाही, आणि वाढयांची पोरं आता दुसऱ्या कामांना लागली. आमचे मिस्त्रीकाका पुढच्या वर्षी रिटायर होतायत. लाकूड कसं वाकवायचं ते त्यांच्या हातात आहे, आमच्या एकाही जर्नलमध्ये नाही. म्हणून किटच्या सूचनांतलं पाचवं पान आम्ही त्यांच्याकडून सांगून घेतलं आणि त्यांनाच वाचून दाखवलं. दोन जागी त्यांनी दुरुस्ती केली. एका जागी म्हणाले, "हे असं नाही होत, तू कराले बस." बसलो. खरंच होत नव्हतं!

किटची चौथी प्रत तयार आहे. खर्च साडेआठशे रुपये आला, तो आम्ही चौघांनी वाटून घेतला. ज्याला कुणाला गुराब बांधायची असेल, विद्यार्थी असो वा स्टाफ, त्याने संध्याकाळी सातनंतर होस्टेलच्या कॉमन रूममध्ये यावं. कटर आणि फेविकॉल आमच्याकडे आहे. अट तीच जुनी: मी समोर बसेन, पण काही सांगणार नाही.