छापील तें खरें?

ब्रिटिश संगीतकार रॉनी हेझलहर्स्ट ऑक्टोबर २००७ मध्यें वारले. ‘एस क्लब ७’ या गायकवृंदाचें ‘रीच’ हें गीत रचण्यांत त्यांचा हात होता, असें नामांकित वृत्तपत्रांनीं मृत्युलेखांत छापिलें. वस्तुतः तें गीत कॅथी डेनिस व अँड्र्यू टॉड यांचें. कोणासहि लिहितां येणाऱ्या विकिपीडिया ज्ञानकोशांत कोणीं तरी ही थाप घुसडिली होती. तेथील निर्वेतन संपादक विधानांस आधार मागतात. पण येथें आधार म्हणून पुढें येणार तीं हींच वृत्तपत्रें! तेव्हां कोठें छापलें एवढें पाहून भागत नाहीं. छापणारास तें कोठून कळलें, हेंहि शोधावें लागतें. एका गाण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. दिवंगतास आपलें चरित्र स्वतः दुरुस्त करतां येत नाहीं. तें जिवंतांचेंच कर्तव्य होय.