गरम चहा पिशवीत नको

मालवण किनाऱ्यावरच्या आपल्या वस्त्यांत टपरीवरचा गरम चहा पातळ पिशवीतून येतो. नारळाच्या रसातली गरम कढी जुन्या प्लास्टिकच्या डब्यात भरली जाते. पावसाळ्यात चूल पेटेना की प्लास्टिक जाळले जाते. हे थांबले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

काही कडक प्लास्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए असते. ते बाईच्या शरीरातील इस्ट्रोजेनसारखे वागते, हे चार्ल्स डॉड्स यांनी लंडनमध्ये १९३६ सालीच दाखवले होते. उष्णता आणि तेलकटपणामुळे प्लास्टिकमधली अशी रसायने अन्नात जास्त उतरतात. पोटात असताना ती मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांचे वजन पुढे वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले. माणसांबाबत पुरावा अजून पक्का नाही. म्हणून वाढत्या वजनाचा सगळा दोष प्लास्टिकवर टाकू नये. साखर, तेलकट खाणे आणि कमी हालचाल ही कारणे आहेतच. पाळी अनियमित असेल, वजन अचानक वाढले, तर सरकारी दवाखान्यात थायरॉईड तपासून घ्यावे.

युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल-ए वर बंदीचा निर्णय घेतला. तिथल्या मुलांना मिळणारे संरक्षण वस्तीतल्या मुलांना का नको? ही मागणी आपण संघटित होऊन केली पाहिजे.

तोवर चहाला किटली न्या, कढीला स्टीलचा डबा घ्या. बुद्धपौर्णिमेची खीरही विहारात स्टीलच्या वाटीतच वाटूया.

जय भीम!