दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा इतिहास

१/ मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनात न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन अस्वस्थपणे फेऱ्या घालत होता. ज्या व्यवहारासाठी तो आला होता, तो फसला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. दालनाच्या एका टोकाला मद्यालय होते, दुसऱ्या टोकाला दूरध्वनी.

२/ तो दूरध्वनीकडे वळला. तेथील चर्चांच्या यादीतून त्याने एका धर्मोपदेशकाला गाठले. विनंती चमत्कारिक होती: या शहरात दारूशी झगडणाऱ्या एखाद्या माणसाशी भेट घालून द्या. परक्या गावात आपल्यासारख्या कोणाचा तरी असा शोध घेणे, हाच या इतिहासाचा आरंभ.

३/ दुसऱ्या दिवशी हेन्रिएटा सायबरलिंग यांच्याकडे त्याची भेट शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झाली. पंधरा मिनिटांच्या अटीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. त्यांनी अखेरचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा (ए.ए.) स्थापनादिन मानला जातो.

४/ डॉ. बॉब यांना मद्याचे दुष्परिणाम कोणी समजावण्याची गरज नव्हती. ते स्वतः वैद्यक जाणत होते. त्यांना प्रथमच भेटला तो उपदेश न करता स्वतःची हकीकत सांगणारा, त्याच खाईतून वर आलेला माणूस.

५/ ही कल्पना मात्र जुनी होती. १८४० साली बाल्टिमोरच्या एका मद्यालयात बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेऊन ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ उभारली. सभांमधून पूर्वीचे मद्यपी आपली कहाणी सांगत. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे तरुण अब्राहम लिंकन यांनी या मार्गाची भलामण केली.

६/ तरीही दशकभरात ही चळवळ ओसरली. दारूबंदीच्या राजकारणात ती ओढली गेली आणि व्यसनी माणसाला सावरण्याचे मूळ काम मागे पडले.

७/ ए.ए.ने हा धडा पुढे लेखी परंपरांत बांधला. बाहेरच्या वादांवर मत द्यायचे नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, नाव मिरवायचे नाही. सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. त्यामुळे प्रत्येक गट आपल्या गावात, आपल्या खर्चाने चालतो.

८/ महाराष्ट्रातील मद्यविरोधाचा इतिहास समृद्ध आहे. पुणे नगरपालिकेत महात्मा फुले यांनी दारूच्या दुकानांना केलेला विरोध, १९०८ साली पुण्यात दुकानांसमोर झालेली निदर्शने, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, गडचिरोलीतील दारूबंदी. या साऱ्या कथेत दुकान आहे, परवाना आहे, नेता आहे. पिणारा माणूस मात्र बहुधा निषेधाचा विषय म्हणूनच येतो.

९/ त्याची स्वतःची कथा अन्यत्र सापडते. ए.ए. १९५७ साली भारतात आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या या केंद्राला पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक बळ दिले. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथेच कार्यकर्ते झाले. अनुभवाचा हा धागा थेट अ‍ॅक्रनशी जुळतो.

१०/ मग हा इतिहास ग्रंथांत विरळ का? बैठकीत पहिल्या नावापुरतीच ओळख सांगितली जाते आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नसते. जी अनामिकता माणसाला संरक्षण देते, तीच दफ्तरात त्याची नोंद राहू देत नाही. कागद नाही म्हणून घटना नाही, असे मानणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

११/ आक्षेपही रास्त आहेत. बारा पायऱ्यांतील ईश्वराची भाषा अनेकांना परकी वाटते, आणि प्रत्येक जण टिकत नाही. पण २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, ए.ए.शी जोडून देणाऱ्या ठरावीक पद्धतीच्या उपचारांचे फळ इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस दिसले.

१२/ एक इशारा याच इतिहासातला. डॉ. बॉब यांनी १० जूनला घेतलेली ती बिअर शस्त्रक्रियेआधी हाताची थरथर थांबावी म्हणून बिलनेच दिली होती. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टर, सोबत बैठक.

१३/ आज हा शोध तितका अवघड राहिलेला नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. ए.ए.च्या खुल्या बैठकीला कोणीही बसू शकते, शुल्क नसते. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ आहे. पहिला गट रुचला नाही, तर दुसरा पाहावा.

१४/ दारूबंदीचे कायदे आले, शिथिल झाले, पुन्हा आले. दोन माणसांच्या संभाषणातून निघालेली बैठक मात्र नव्वद वर्षांनंतरही भरते आहे. सामाजिक इतिहासात तिला कायद्याइतकेच मानाचे पान मिळायला हवे. आणि एखाद्या घरात आज कोणी तिचा पत्ता शोधत असेल, तर तोही याच इतिहासाचा भाग आहे.