सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे



'सेंद्रिय' हा शब्द आता आपल्या तोंडी इतका बसला आहे की, ज्याला तो लागला ते सगळे गुणकारीच, असे आपण धरून चालतो. सेंद्रिय खत, सेंद्रिय गूळ, सेंद्रिय भाजी. शेतीपुरते हे ठीक आहे. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय याचा अर्थ एवढाच की, त्या पदार्थाची बांधणी कर्बावर झालेली आहे. तो पदार्थ गरीब स्वभावाचा आहे, असा त्याचा अर्थ नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागणारे ॲसेटिक ॲसिड हे असेच एक सेंद्रिय आम्ल आहे, आणि त्याच्या हाताळणीवरचा खर्च हा सभासदांनी मंजूर करावा असा खर्च आहे, हे मांडण्यासाठी हा लेख.

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेतल्या बाटलीशी आमचा काय संबंध? संबंध सरळ आहे. माती परीक्षणाच्या अहवालात पालाशाचा आकडा असतो. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्र, 115 किलो स्फुरद आणि 115 किलो पालाश अशी शिफारस आहे. आपल्या कळमनुरी भागातल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर निघते, म्हणून पोटॅशच्या गोणीवर पैसा घालण्याआधी हा आकडा पाहणे फायद्याचे असते. तो काढताना 5 ग्रॅम मातीत 25 मिलिलिटर अमोनियम ॲसिटेटचे द्रावण घालून ते हलवतात, गाळतात आणि फ्लेम फोटोमीटरवर मोजतात. हे द्रावण लिटरभर करायचे तर 57 मिलिलिटर तीव्र ॲसेटिक ॲसिड लागते, आणि त्यात पुढे अमोनिया मिसळावा लागतो. म्हणजे तुमच्या अहवालावरच्या त्या एका आकड्यासाठी कोणीतरी हे ॲसिड हाताळलेले असते. तो कोणीतरी बहुधा आपल्याच गावचा, बारावी सायन्स झालेला, हंगामापुरता रोजंदारीवर घेतलेला पोरगा असतो.

या ॲसिडचा वास शिरक्यासारखा येतो, आणि फसगत तिथेच होते. शिरका म्हणजे शेकडा चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड. प्रयोगशाळेतल्या बाटलीत ते 99 टक्क्यांवर असते. अंगावर सांडले तर कातडी भाजते, डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. त्यातही कपटीपणा असा की, पुष्कळदा लगेच फारसे दुखत नाही. फोड काही वेळाने उठतात. तोवर पोरगा 'काही नाही, पुसून टाकलं' म्हणून पुढच्या नमुन्याला लागलेला असतो.

आपल्या हवेत या ॲसिडच्या दोन खोडी आहेत. थंडीत तापमान 16.6 अंशांच्या खाली उतरले की ते बाटलीतच बर्फासारखे गोठते. डिसेंबरच्या सकाळी बाटली गोठलेली दिसली म्हणून ती शेगडीवर धरली तर काच तडकते आणि सगळे अंगावर येते. बूच थोडे सैल करून बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी, घाई करू नये. उलट उन्हाळ्यात सुमारे 39-40 अंशांना त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. आता विचार करा. ऊस गाळपाला गेला की एप्रिल-मे महिन्यांत मातीचे नमुने ढिगाने येतात, पत्र्याखालची खोली 40 अंशांच्या वर तापलेली असते, आणि फ्लेम फोटोमीटरमध्ये गॅसची ज्योत जळत असते. त्याच टेबलावर ॲसिडची बाटली उघडी ठेवणे म्हणजे कडब्याच्या गंजीला टेकून विडी ओढणे होय.

सेंद्रिय कर्ब तपासण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. ते आणि हे ॲसिड एका फळीवर कधीही ठेवू नये. नायट्रिक ॲसिड व परमँगनेटही दूर ठेवावे. ॲसिडमध्ये पाणी ओतायचे नाही, पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचे. अमोनिया मिसळताना पांढरा धूर होतो, द्रावण तापते. ते काम धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करावे. पिपेट तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा. पातळ हातमोज्यातून हे ॲसिड थोड्याच वेळात आत येते, म्हणून जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे हातमोजे हवेत, आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच.

सांडलेच तर कपडे लगेच काढून अंगावर किमान 15-20 मिनिटे वाहते पाणी सोडावे. डोळा पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवावा आणि लागलीच दवाखाना गाठावा. कातडीवर खायचा सोडा, तेल, हळद असले काही लावू नये. पोटात गेले तर ओकारी काढू नये. नळ कोरडा असेल तर मात्र या सगळ्या सूचना कागदावरच राहतील. वीज गेली की पाणी बंद, ही आपली नेहमीची तक्रार. म्हणून प्रयोगशाळेला स्वतंत्र वरची टाकी पाहिजे, आणि ती भरलेली पाहिजे.

आता माझे स्पष्ट मत. नेहमीच्या तपासणीसाठी तयार अमोनियम ॲसिटेटचे मीठ विकत घ्यावे. लिटरला सुमारे 77 ग्रॅम विरघळवले व सामू 7 ला आणला की तेच द्रावण तयार होते. तीव्र ॲसिड ओतणे जवळपास संपते. मीठ महाग पडते, असे कोणी म्हणेल. हिशेब करू. एका लिटरात 40 नमुने होतात. हजार नमुन्यांना 25 लिटर द्रावण, म्हणजे ॲसिडने केले तरी लागते जेमतेम दीड लिटर. एवढ्यासाठी कोणी स्वस्त म्हणून मोठा कॅन आणून कोपऱ्यात ठेवत असेल, तर ती काटकसर नव्हे. सामू जुळवायला थोडे ॲसिड लागते, त्याला अर्ध्या लिटरची बाटली पुरे आहे.

धुराचे कपाट, डोळे धुण्याची सोय, पाण्याची टाकी आणि हातमोजे, हा खर्च वार्षिक सभेपुढे येईल तेव्हा 'एवढ्याशा खोलीला एवढा पैसा कशाला' असे म्हणून तो खोडू नये, ही विनंती. बॉयलरच्या दुरुस्तीला आपण हात आखडत नाही. पोराचा डोळा दुरुस्त होत नाही.

दुसरी विनंती सभासदांनाच. ठिबकच्या नळ्या धुवायला, फरशी घासायला 'थोडं ॲसिड द्या हो साहेब' म्हणून रिकामी बाटली घेऊन कोणी येऊ नये. शीतपेयाच्या बाटलीत भरून घरी नेलेले ॲसिड तहानलेले लेकरू पाणी समजून तोंडाला लावते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली, ती ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात. ॲसिड बाळगणाऱ्या शिक्षणसंस्था, संशोधन प्रयोगशाळा, दवाखाने व सरकारी खात्यांनी वापराची नोंदवही ठेवावी, एक जबाबदार माणूस नेमावा आणि बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी, असेही त्यात सांगितले. आपण सरकारी खाते नाही, ही पळवाट शोधत बसण्यापेक्षा तोच नियम आपणहून पाळावा. नोंदवहीत नाव नाही त्याला थेंब नाही, मग तो संचालक असो की ऊस विकास अधिकारी.

जमिनीची तब्येत पाहणाऱ्या पोरांच्या तब्येतीची काळजी जमिनीच्या मालकांनी घ्यावी, एवढेच मागणे.

— ऊस विकास अधिकारी