पाय दाबा, दुखणं दाबू नका

आमच्या घरात पाळीच्या दुखण्यावर एकच औषध होतं, नानीचा अंगठा. मी पोट धरून पडले की ती माझा पाय मांडीवर घ्यायची आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूला एक जागा शोधून दाबत बसायची. आधी कळ यायची, मग हळूहळू पोटातला पीळ सैल व्हायचा. नानी शाळेत गेली नव्हती. ही जागा तिला कुणी दाखवली, ते तिलाही आठवत नव्हतं.

पुढे कॉलेजच्या हॉस्टेलवर मोबाइलमध्ये व्हिडिओ बघताना कळलं, की या जागेला चिनी वैद्यकात नाव आहे, सान्यिनजियाओ. घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला. दुसरी जागा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात. मी रूममेट्सना शिकवलं, चुलत बहिणींना शिकवलं. गोळी नको, खर्च नको, कुणाला सांगायलाही नको. या शेवटच्या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान होता. आज तिचाच त्रास होतो.

माझी एक आपा, मोठ्या काकांची मुलगी. पाळीच्या आधी चार दिवस तिचं दुखणं सुरू व्हायचं आणि पाळी संपली तरी राहायचं. उलट्या व्हायच्या, संडासला बसताना कळा यायच्या. घरातल्या बायका म्हणायच्या, "सब्र कर बेटा, शादी के बाद सब ठीक हो जाता." मी म्हणायचे, "आपा, मी सांगितलेली जागा दाबतेस ना?" ती दाबत होती. दोन वर्षं दाबत होती. लग्नानंतर मूल राहीना, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. एन्डोमेट्रिओसिस निघाला, अंडाशयावर चॉकलेट सिस्ट होती. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के बायकांना तो असतो.

ॲक्युप्रेशरने आपाचा आजार वाढवला नाही. पण "काहीतरी करतोय" हे समाधान त्याने आम्हा दोघींना दिलं आणि त्या समाधानात दोन वर्षं गेली.

मग ॲक्युप्रेशर थोतांड आहे का? नाही. बहुतेक मुलींना पाळीत दुखतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे. त्याने गर्भाशय आवळतं, रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात. यात आजार नसतो, आणि अशा दुखण्यावर बिंदू दाबण्याचा उपयोग होऊ शकतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी 221 तरुणींवर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. काहींना मोबाइल ॲपवरून स्वतःच बिंदू दाबायला शिकवलं, बाकीच्यांचे नेहमीचे उपाय चालू ठेवले. तिसऱ्या पाळीपर्यंत दाबणाऱ्यांपैकी 37 टक्के जणींचं दुखणं निम्म्याने कमी झालं, दुसऱ्या गटात 25 टक्के जणींचं. सहाव्या पाळीला हे प्रमाण 58 आणि 24 टक्के होतं. पण दाबणारीला आपण दाबतोय हे ठाऊक असतंच, त्यामुळे विश्वासाचा परिणाम किती आणि बिंदूचा किती, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. कोक्रेन संस्थेने 2016 साली ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशरच्या 42 चाचण्या एकत्र तपासल्या आणि पुरावा कमी दर्जाचा असल्याचं सांगितलं.

म्हणजे करून बघायला हरकत नाही. गरम पाण्याची पिशवी, नियमित व्यायाम आणि त्याच्या जोडीला हे. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर मात्र हे बिंदू दाबू नयेत, असं ही पद्धत शिकवणारेच सांगतात.

गोळीचंही बोलू. रमजानमध्ये पाळी आलेल्या मुलीला रोजाची सूट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. तरी अब्बा-भाईंसमोर ती पाण्याचा घोट घेत नाही. किचनच्या दाराआड उभी राहून बिस्किट खाते, नाहीतर उपाशीपोटीच मेफेनॅमिक ॲसिडची गोळी गिळते. ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. या औषधाने क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला आहे. अंगावर पुरळ, ताप, सूज दिसली तर गोळी थांबवून डॉक्टरकडे जायला हवं. पण जी मुलगी जेवतानाही लपते, ती पुरळ कुणाला दाखवणार?

मला राग येतो तो "सब्र" या शब्दाच्या वापराचा. सब्र म्हणजे दुखणं लपवणं, हे आपल्याला कुणी शिकवलं? प्रेषितांनी इलाज करायला सांगितलं आहे, ही हदीस आपल्या घरांत साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांसाठी लगेच आठवते. अब्बांच्या गुडघ्यासाठी आपण मिरजेपर्यंत जातो. मुलीच्या पोटासाठी मात्र गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातही जात नाही, कारण लग्न न झालेली मुलगी बायकांच्या डॉक्टरकडे दिसली तर लोक काय म्हणतील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बिंदू जरूर दाबा, पण सोबत एक वही ठेवा. दुखणं कधी सुरू झालं, किती दिवस राहिलं, शाळा-कॉलेज बुडलं का, हे तीन पाळ्या लिहा. दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळीनंतरही राहत असेल, गोळीनेही थांबत नसेल, रक्तस्राव फार होत असेल किंवा संडास-लघवीच्या वेळी कळा येत असतील, तर ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. लग्न झालेलं नसलं तरी पोटावरून सोनोग्राफी होते. अम्मीला हे आधीच सांगा, म्हणजे तिची निम्मी भीती जाईल.

आणि भावांनो, तुम्ही हे इथपर्यंत वाचलं असेल तर या रमजानला बहिणीच्या हातात सगळ्यांसमोर पाण्याचा ग्लास द्या. काही बोलायची गरज नाही.

आपाचं ऑपरेशन झालं. आता बरी आहे, औषधं चालू आहेत. परवा तिने फोन करून सांगितलं, की तिच्या नणंदेच्या मुलीला फार दुखतं, कुठली जागा दाबायची ते सांग. मी जागा सांगितली. मग विचारलं, "किती दिवस दुखतंय तिला?" आपा म्हणाली, "तेच विचारून ठेवलंय. बुधवारी तिला घेऊन दवाखान्यात जातेय."