ट्रेलर निघायच्या आधी कागद निघू द्या

मित्रांनो, व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून इथं लिहितोय. औशातून सोयाबीन पेंड किंवा डाळ बाहेरदेशी पाठवायची म्हटलं की पहिला प्रश्न भाड्याचा: न्हावा शेवापर्यंत ट्रेलर किती घेणार? चारशे किलोमीटरहून जास्त अंतर, प्रश्न चूक नाही. पण माझ्या मते नवा निर्यातदार रस्त्यावर नाही, बंदराच्या गेटवर बुडतो.

१९८९ ला सुरू झालेलं हे बंदर आज वीस फुटी कंटेनरच्या मापानं वर्षाला ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळतं. प्रत्येक जहाजासाठी गेट बंद व्हायची वेळ ठरलेली असते, तिला कट-ऑफ म्हणतात. मोंढ्यात आडत्याला 'उद्या येतो' म्हटलं की चालतं, इथं नाही चालत. त्याआधी शिपिंग बिल, शिपिंग लाइनचा फॉर्म १३ आणि भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, तयार पाहिजे. वजनाचा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे; ते दिलं नाही तर कंटेनर जहाजावर चढतच नाही. मग पुढच्या जहाजाची वाट बघा. ट्रेलरचं हॉल्टिंग तुमच्या खिशातून, आणि एलसीत लिहिलेली माल चढवायची तारीख उलटली तर बँक पैसे अडवू शकते!

'बंदरवाले त्रास देतात' हे मला पटत नाही. आपणच कस्टम ब्रोकरला माल भरून झाल्यावर फोन करतो. तो ऑर्डर पक्की झाली त्याच दिवशी करा. आणि कट-ऑफच्या दिवशी पोचायचा हिशेब धरू नका, एक-दोन दिवस आधीचा धरा. फार आधीही नको, जागेचं भाडं लागतं.